उलट चढलेला वेल

कार्यालयात तिला सगळे चित्रबाई म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या त्या कार्यालयात ती बाविसाव्या वर्षी लागली ती केस पांढरे झाले तरी तिथेच. माणसाचा कान, मक्याचा दाणा, फुलाचा उभा छेद, सगळं तिच्या हातचं. आई ज्या चित्रांवर शिकली त्याच चित्रांवर पुढे लेकही शिकली, अशी घरं गावात कितीतरी होती.

दुसऱ्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीशी पाच टेबलं होती. दौतीतली काळी शाई, चुकलेली रेघ खरवडायला ब्लेड, आणि मानेला कायमचा बाक. एकदा माशाचे कल्ले नीट दिसेनात म्हणून तिने बाजारातून मासाच आणला आणि दोन दिवस टेबलावर ठेवून काढला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या विभागाने लेखी तक्रार केली. म्हातारे संपादक भिंग घेऊन यायचे, माशीच्या पायावरचे केस मोजायचे आणि वाद घालायचे. त्या वादात दुपारचा चहा गार व्हायचा, पण कुणाला घाई नसायची.

मग यंत्र आलं. शब्दांत सांगायचं की अमुक चित्र हवं, आणि पाणी पिऊन येईपर्यंत चार चित्रं तयार. एकेक टेबल रिकामं होत गेलं. उरली चित्रबाई. तिला काम मिळालं यंत्राची चित्रं तपासायचं. आधी ती मनातून धुसफुसली. पण डोळे मिटून नावं ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. कातड्याखालच्या शिरा यंत्राने अशा काढल्या होत्या की तिला तीन दिवस बसूनही जमल्या नसत्या. तिने तसं बोलूनही दाखवलं.

एका सकाळी चौथीच्या पुस्तकातलं घेवड्याच्या वेलाचं चित्र पडद्यावर आलं. पानं सुरेख, ऊन सुरेख. ती पुढच्या चित्राकडे जाणार तोच हात थांबला. वेल काठीवर उजवीकडून डावीकडे चढत होता. घेवडा तसा कधी चढत नाही, समोरून बघाल तर तो डावीकडून उजवीकडेच वर जातो. आणि ही चूक तिच्या ओळखीची होती.

नोकरीच्या चौथ्या वर्षी तिने हाच वेल काढला होता. कच्चं चित्र जाड कागदावर उतरवताना घाईत ट्रेसिंग पेपर उलटा पडला आणि वेलाने दिशा बदलली. तिला कळलं नाही, संपादकांच्या भिंगालाही कळलं नाही. पुस्तक छापून शाळांत गेलं. मग एक पोस्टकार्ड आलं, पेन्सिलीने लिहिलेलं. एका मुलीने लिहिलं होतं, तुमच्या पुस्तकातला वेल एका बाजूने चढतो आणि आम्ही डब्यात लावलेले तिन्ही वेल दुसऱ्या बाजूने चढतात, तर आमचं काय चुकलं?

पोरीने चित्रबाईची चूक शोधली होती आणि दोष स्वतःकडे घेतला होता. चित्रबाईने त्याच दुपारी उत्तर धाडलं, तुझे वेल बरोबर आहेत, माझा चुकला आहे. संपादक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. ती आवृत्ती यायला आठ वर्षं लागली. तोवर दरवर्षी शाळा उघडल्या की तो उलटा वेल नव्या दप्तरांत जाऊन बसायचा, आणि तिला चार दिवस जेवण गोड लागायचं नाही.

आता तोच वेल पडद्यावर. तिने विभागप्रमुखाला बोलावलं. तो तिच्या मुलाच्या वयाचा, पण ऐकून घेणारा होता.

"वेल उलटा आहे," ती म्हणाली. "आणि ही चूक यंत्राची नाही, माझी आहे."

त्याला वाटलं बाई गंमत करताहेत. तिने कपाटातून जुनं पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने दोन्ही वेल शेजारी धरून पाहिले. मग त्याने सांगितलं की यंत्राला शिकवताना कार्यालयाची चाळीस वर्षांची सगळी पुस्तकं त्याला दिली होती, उलट्या वेलाची आठही वर्षांची धरून. त्याने यंत्राला नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. पानं बदलली, काठी बदलली, एकदा तर दोन वेल आले, पण चढायचे ते उलटेच.

"बाई, तुम्हीच काढता का?" शेवटी तो म्हणाला.

तिने घरी घेवडा पेरला. वेल काठीला लागेपर्यंत कार्यालय थांबलं, तिथे कितीतरी वर्षांनी कुणी कशासाठी तरी थांबलं होतं. मग तिने तो समोर ठेवून काढला. ब्लेडने खरवडायची वेळ दोनदाच आली.

काढताना तिला राहून राहून ते पोस्टकार्ड आठवत होतं. आताची मुलं पाटीएवढ्या पडद्यावर शिकतात, शंका आली की तिथेच विचारतात आणि तिथेच उत्तर मिळतं. चांगलंच आहे ते. तिने पाठवलेलं उत्तर मुलीला पोचायला आठवडा लागला असेल. पण त्या पेन्सिलीच्या अक्षरांनी एका चित्रकाराची मान खाली गेली होती आणि हात जपून चालायला शिकला होता. आता मुलं जे विचारतात ते कार्यालयात कुणाच्याच टेबलावर येत नाही.

ती निवृत्त झाली त्या महिन्यात पुस्तक निघालं. नवऱ्याने चष्मा लावून पान न् पान चाळलं.

"यात तुझं एकच आहे ना? सांगू नकोस, मी ओळखतो."

वेलाचं पान त्याने न थांबता उलटलं. शेवटी एका बेडकावर बोट ठेवलं. बेडूक यंत्राचा होता. पण गाल फुगवून रुसून बसल्यासारखा, अगदी ती जन्मभर काढत आली तसा.

"हा तुझाच," तो म्हणाला. "असा फुगलेला बेडूक दुसरं कोण काढणार?"

तिने पुस्तक हातात घेतलं आणि बेडकाकडे नीट पाहिलं.

"अहो, चहा टाकते," ती म्हणाली, आणि त्याला चुकलात असं काही म्हणाली नाही.