पाचवा नमुना

शहरात क्रांती चौकातल्या मिठाईवाल्यानं भर गिऱ्हाइकांत माझा खवा परत केला, ते मी अजून विसरलेलो नाही. त्याचे पेढे खाऊन एका साखरपुड्यातली माणसं ओकली होती. त्यानं सगळं माझ्यावर ढकललं. खुलताबादेत एका कढईवर सुरू केलेला धंदा मी एकट्यानं चार कढयांवर नेला होता. आठवड्याभरात सगळ्या दुकानांनी माझा माल बंद केला.

माझा खवा चांगला आहे, असा कागद मला हवा होता. चारही कढयांतला गरम खवा डब्यांत भरून मी शहरातल्या अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नेला. तिथल्या बाईंनी दर सांगितला.

"चाराचे घ्या, पाचवा फुकट करा," मी म्हणालो.

"काका, ही काय मंडई आहे? बरं, करते. पाचवा कुठंय?"

पाचवा नव्हताच. डब्यांच्या पाटीवर आमचं नेहमीचं ओलं फडकं होतं. खवा निवला की त्यावर ते टाकायचं आणि दिवसभर भिजवत राहायचं. खवा सुकत नाही, वजन उतरत नाही. ही युक्ती मला फार हुशारीची वाटायची. बाईंनी त्याच फडक्याचा बोटभर तुकडा कापून घेतला.

तीन दिवसांनी त्यांनी पाच काचेच्या बश्या पुढं मांडल्या. चार स्वच्छ. पाचवीत माशीच्या पाठीसारखे चकाकणारे हिरवे ठिपके.

"हे आतड्यातले जंतू. हातातून, पाण्यातून फडक्यात येतात आणि ओलीत वाढतात. तुमचा खवा कढईत चांगलाय, फडक्याखाली बिघडतो."

मी भडकलो. "ते फुकटातलं व्हतं. कागदावर चारच लिहा."

"लिहिते की. चाराचेच पैसे दिलेत तुम्ही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण तो खवा कुणाच्या लेकराच्या पोटात जाणार, ते तुमचं तुम्ही बघा."

कागद न घेताच मी उठलो. घरी येऊन सगळी फडकी चुलीत घातली, झाकणाचे स्टीलचे डबे आणले. वजन उतरतं, उतरू दे. हळूहळू दुकानं परत आली. मिठाईवाल्याचाही निरोप आला, पण त्याला मी खवा देत नाही. चूक माझी होती, तरी चारचौघांत बोलायचं त्याला कारण नव्हतं.

बाईंकडं मात्र दर दोन महिन्यांनी जातो. पाचाचे पैसे देतो, दर विचारत नाही. चार नमुने मी नेतो. पाचवा कशाचा घ्यायचा, ते त्या स्वतः खुलताबादेत माझ्या कढयांपाशी येऊन ठरवतात.