चोरदर्या आली

बटण दाबण्याआधी ती हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायची. बांगड्यांची किणकिण वायरलेसवर भांडी पडल्यासारखी जाते, असं तिचं म्हणणं. मग माइक तोंडाशी धरून म्हणायची, "बोला. किनारा ऐकतेय."

'किनारा ऐकतोय' म्हणा, हे मी तिला पुष्कळदा सांगून पाहिलं. ती मान डोलवायची आणि पुढच्या बोटीला पुन्हा तेच म्हणायची. तिची भाषा मल्याळम. तिथे वारा पुरुष की बाई असा प्रश्नच कुणाला पडत नाही म्हणे. मराठीत तो पडतो हे कळल्यावर तिने एकदाचा निकाल लावून टाकला. जे जे पाण्यात किंवा पाण्याजवळ, ते सगळं बाईमाणूस. वारा आली. दर्या तापली. ट्रॉलर अडकली.

तुम्ही कधी सकाळच्या वेळी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर गेला असाल, तर लिलावाच्या गलक्यात वरच्या मजल्यावरून येणारा तो आवाज तुमच्याही कानावर पडला असेल. तिथे मच्छीमारांच्या सोसायटीत मी क्लार्क होतो. माझ्या टेबलाशेजारी खिडकी, खिडकीत वायरलेसचा सेट. पूर्वी जो मोकळा असेल तो सेट उचलायचा. एकदा तिच्या नवऱ्याची बोट वेळेवर आली नाही म्हणून ती चौकशीला आली. सेट खरखरत होता, सगळे खाली लिलावात. तिने तो उचलला आणि कोळंबी सोलणाऱ्या बायकांकडून शिकलेल्या मराठीत बोलायला लागली. मी वर आलो तेव्हा एका बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, तिला इंजिनाचं दुखणं सांगत होता आणि ती डॉक्टरीणबाईंसारखी "मग?" "मग?" करत होती.

तिचा नवरा एका ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. दोघं केरळच्या किनाऱ्यावरची. खलाशी तिला चेची म्हणायला लागले. चेची म्हणजे थोरली बहीण. ती माझ्याहून लहान, तरी मीही चेचीच म्हणायचो. पुढे सोसायटीने सेट तिच्याकडेच दिला.

खरं सांगायचं तर त्या बाईला काळजी करण्याचं व्यसन होतं. एखाद्या बोटीच्या उत्तराला जरा उशीर लागला की तिचा चहा गार व्हायचा. हवामानाचा इशारा कॉम्प्युटरवर यायचा तो मराठीतच असायचा, पण मलाही दोनदा वाचावा लागायचा. ती तो माझ्याकडून समजून घ्यायची आणि सेटवर सांगायची, "तांदूळ धुतला असेल तर शिजवू नका. घरी येऊन जेवा." एवढ्यावर बोटी वळायच्या.

एका मे महिन्यात इशारा आला, उंच लाटांचा. बाहेर आभाळ स्वच्छ, झाडाचं पान हलत नव्हतं. तिने खिडकीतून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"भाऊ, हे आमच्याकडे पण येते. वारा नाही, ढग नाही. लांब कुठेतरी वादळ असते, त्याची लाट चालत चालत इथे येते. आम्ही त्याला कळ्ळक्कडल म्हणतो. कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे दर्या."

"मग सांगा, चोर समुद्र."

तिने बांगड्या वर सारल्या. "सगळ्या बोटी ऐका. चोरदर्या आली."

खलाशी हसले. संध्याकाळी मिऱ्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी पाण्याने ओढून नेली, तेव्हा तो शब्द घरोघर गेला. आज आमच्याकडे पोरंसुद्धा तो वापरतात. आणि गंमत अशी की दर्या आला असंच म्हणतात, पण चोरदर्या मात्र आली. ते तिचं व्याकरण आम्ही जसंच्या तसं ठेवून घेतलं.

सगळ्यांना हे रुचत होतं असं नाही. तिचा नवरा ज्याच्या बोटीवर होता तो तांडेल तिच्यावर खार खाऊन असायचा. सोसायटीच्या सभेत तो उभा राहिला. "बंदर आमचं. सेटवर मराठीच बोललं पायजे. ही नवऱ्याशी आपल्या भाषेत बोलते. काय बोलते, आमाला काय ठाव?"

चेअरमननी तिला विचारलं. ती उठली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "बरोबर आहे. बोटीवर सगळ्यांना कळायला पाहिजे. यापुढे फक्त मराठी."

खाली उतरताना मी तिला विचारलं, "काय बोलत होतात एवढं?"

"ब्लड प्रेशरची गोळी घेतली का, ते."

दुसऱ्या दिवसापासून ती ते मराठीत विचारायला लागली. "गोळी घेतली का?" म्हटलं की नवऱ्याआधी अख्ख्या समुद्रावरून उत्तरं यायची, "घेतली, घेतली." ती हसायची नाही. नवऱ्याचा आवाज येईपर्यंत वाट पाहायची.

त्यानंतरच्या मे महिन्यात तसाच इशारा पुन्हा आला. आभाळ तसंच निळं. आमच्या बंदराच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो. लांबची लाट उथळ पाण्यात आली की तिथे उभी राहते आणि फुटते. खोल पाण्यात मात्र काही कळतही नाही. म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं, "आत येऊ नका. संध्याकाळपर्यंत बाहेरच थांबा."

बोटी थांबल्या. एक सोडून. त्या तांडेलाकडे कोळंबी होती आणि बर्फ संपत आला होता.

"काय गो चेची, आभाळ बघ कसा हाय. आमाला आमचा दर्या शिकवतंस?"

"दर्या तुमचीच आहे, दादा. आज थांबा."

उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. मी खिडकीतून पाहिलं. बंदराच्या तोंडाबाहेर त्याची बोट दिसत होती आणि तिचं नाक आमच्याकडेच होतं. ती बोट कुणाची, तिच्या पोटात इंजिनापाशी कोण बसलंय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, "चेची, तुमच्या भाषेत बोला. ते ऐकतील. ते इंजिन बंद करतील."

तिने माइकवर हात ठेवला. "बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद झाली तर बोट आडवी होईल. आणि एकट्याला सांगून काय करू? खलाशी आहेत ना वर. त्यांनी धरून बसायला पाहिजे. त्यांना कळायला पाहिजे."

मग ती मराठीत बोलत राहिली. आवाज जराही चढवला नाही. "मागून लाट येतेय. सगळे धरून बसा. कुणी काठावर उभं राहू नका. आता दुसरी येतेय, ती मोठी आहे. धरून बसा." शिवण चाललेली असताना कुणाशी बोलावं, तसं. फक्त टेबलाखाली तिचे पाय एकमेकांवर घासत होते, ते मला दिसत होते.

तिसऱ्या लाटेने बोट उचलली आणि बांधाच्या दगडांवर आणून आपटली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. धक्क्यावरची माणसं दोर घेऊन धावली. तिने माइक जागेवर ठेवला, बांगड्या खाली सोडल्या, आणि मगच जिना उतरली.

सगळे वाचले. खलाशी सांगत होते, आम्ही तिचं ऐकून खाली बसलो, नाहीतर फेकले गेलो असतो. तिच्या नवऱ्याचा पाय मात्र इंजिन आणि फळीच्या मध्ये सापडला होता. त्याला बाहेर ओढून काढला तो त्या तांडेलानेच. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून बसला होता, अंगावरचे कपडे ओलेच. चेचीने थर्मासमधला चहा त्याच्यापुढे केला. त्याने कप घेतला, पण कितीतरी वेळ प्यायला नाही.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागेपर्यंतचे उरलेले दिवस ती हॉस्पिटलातून सेटवर आणि सेटवरून हॉस्पिटलात अशा खेपा घालत राहिली. प्रत्येक बोट आधी विचारायची, "चेची, पाय कसा हाय?" ती प्रत्येकाला नव्याने, पहिल्यापासून, सगळं सांगायची. कंटाळली म्हणून कधी थोडक्यात आटोपलं नाही.

पाय जुळला, पण इंजिनापाशी तासन् तास उकिडवं बसणं त्याला जमेना. त्यांनी गावी जायचं ठरवलं. नव्या मोसमात बोटी सुटल्या आणि त्याच सुमारास ती दोघं निघाली. स्टेशनवर कोळंबी सोलणाऱ्या बायका आल्या होत्या. तांडेलही आला. त्याने त्यांच्या दोन्ही बॅगा उचलल्या, डब्यात नेऊन सीटखाली नीट सरकवल्या, आणि तिच्या नवऱ्याला आधार देऊन वर चढवलं.

चेची दारात उभी होती. "आज कोण कोण बाहेर आहे?" म्हणाली. मी बोटींची नावं सांगत गेलो. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती.

"दुपारनंतर वारा फिरेल, भाऊ. सगळ्या आत आल्या की मला फोन करा."

"करतो."

"विसरू नका."

गाडी गेली. दुपारी वारा खरोखरच फिरला. सेटवर आता मी बसलो होतो. एकेक बोट आत येत होती आणि मी खिडकीतून पाहत होतो. शेवटची येईपर्यंत माझा चहा तसाच राहिला. ती धक्क्याला लागल्यावर मी फोन लावला. लागेना. कोकण रेल्वेचे बोगदे, दुसरं काय. पुन्हा लावला. रेंज यायची, जायची. दिवेलागणीला कुठेतरी तो लागला. आधी नुसता गाडीचा खडखडाट, मग तिचा श्वास. ती फोन हातातच धरून बसली असावी.

"चेची, सगळ्या आल्या," मी मोठ्याने म्हणालो.

फोन तिने कानापासून दूर केला असावा, कारण मग तिचा आवाज लांबून आला. नवऱ्याला ती सांगत होती, "एल्लारुम वन्नु."

मला मल्याळम येत नाही. पण ते मला कळलं.