पुरणयंत्र कुठल्या म्युझियमात?

जुन्या दुबईत फिरून आलं की बुटात वाळू येतेच. दारात बूट झटकला तरी थोडी राहते आणि पुढे कधीतरी ऑफिसात टोचते. आमच्या ग्रुपचे किस्से तसेच. भर मीटिंगमध्ये एखादा आठवतो आणि मला हसू आवरत नाही. बॉसला वाटतं, मी टार्गेटला हसतेय!

ग्रुप काही मोठा नाही. मी, माझा नवरा मंदार, नववीतली लेक ईरा, अल मनखूलमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणारे जोशी काका-काकू, आणि अजमानहून येणारा माझ्या ऑफिसमधला प्रशांत. ऊन जरा माणसात आलं की शनिवारी सकाळी पायी निघायचं आणि जुन्या गल्ल्यांमधली छोटी छोटी म्युझियम्स बघायची. ईराला उठवताना दर वेळी तेच ऐकावं लागतं, "आई, इट्स अ वीकेंड!"

यामागे कारण होतं काकांचं पुरणयंत्र. काका पहिल्यांदा दुबईला आले तेव्हा त्यांच्या आईने ते पितळी यंत्र बॅगेत कोंबलं होतं. होळीला अख्ख्या बिल्डिंगचं पुरण त्यातून निघायचं. मागे एका हेरिटेज सेंटरची मुलगी जुन्या रहिवाशांकडून घरातल्या वस्तू गोळा करत आली. काका नेमके आंघोळीला गेलेले. द्यायचं दोघांचं आधीच ठरलं होतं, म्हणून काकूंनी यंत्र दिलं. "सरांचं नाव खाली लिहू," असं सांगून ती गेली. पुढे ते सेंटर बंद झालं, वस्तू इकडेतिकडे वाटल्या गेल्या, आणि आपलं यंत्र कुठे गेलं ते कोणाला सांगता येईना.

आता काका रिटायर झालेत. व्हिसा संपत आलाय, पुण्याचं तिकीट काढलंय.

"अगं, कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत जन्म गेला," काका मला म्हणाले. "ढीगभर टॉवर बांधले, एकावर नाव नाही. फ्लॅट भाड्याचा. आयडी कॅन्सल झालं की खलास! या देशात माझं नाव उरलं तर त्या पुरणयंत्राखाली. जायच्या आधी ते एकदा डोळ्यांनी बघायचंय."

मला गलबलून आलं. मी म्हटलं, "काका, शोधू आपण."

"यल्ला!" काका म्हणाले आणि तिथल्या तिथे बूट घालायला लागले.

* * *

पहिल्या शनिवारी रस्ता दाखवायचं काम प्रशांतने अंगावर घेतलं. मोबाइलवर मॅप लावून तो पुढे आणि आम्ही मागे. "बस, समोरच आहे," असं म्हणत त्याने आम्हाला कापडबाजाराच्या एकाच गल्लीतून फिरवायला सुरुवात केली.

गल्लीच्या तोंडाशी एक शालवाला होता. पहिल्यांदा तो ओरडला, "हबीबी, पश्मिना!" दुसऱ्यांदा म्हणाला, "नमस्ते हबीबी!" तिसऱ्यांदा त्याने शाल दाखवलीच नाही, नुसती मान हलवली.

चौथ्यांदा आम्ही आलो तेव्हा त्याने स्टुलं बाहेर काढून ठेवली होती. काकूंना म्हणाला, "आंटी, आप बैठो. इनको घूमने दो!"

काकू बसल्या. आणि शालही घेतली.

* * *

एक म्युझियम कॉफीचं आहे. तिथे छोट्याशा कपात गावा देतात, म्हणजे वेलदोडा घातलेली अरबी कॉफी. कप रिकामा झाला की वाढणारा लगेच पुन्हा भरतो. नको असेल तर कप जरासा हलवून द्यायचा, अशी इथली पद्धत.

मंदारला ही पद्धत माहीत नव्हती. आणि नाही म्हणणं उद्धटपणा होईल म्हणून तो पीत राहिला. वाढणारा भरतोय, हा पितोय. वाढणारा हसतोय, हा पण हसतोय. शेवटी याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

बाहेर आल्यावर त्याला पद्धत कळली. तो काकांवर उखडलाच. "काका, तुम्ही इतकी वर्षं इथे! सांगायचं ना!"

काका शांतपणे म्हणाले, "मला वाटलं, तुला आवडली!"

तेव्हापासून मंदार घरी चहा झाला की कप हलवतो. मी त्याला सांगून ठेवलंय, हलवायचाच असेल तर नळाखाली धरून हलव.

* * *

जुन्या दुबईतल्या अल फहिदीच्या गल्ल्या अरुंद. एकदा काका असेच कुठेतरी पुढे गेले आणि दिसेनात. काकूंनी गल्लीच्या मध्यावर उभं राहून खणखणीत हाक मारली, "अहो!"

काका आले नाहीत. पण पुढे चाललेल्या टूरिस्ट घोळक्यातले तीन पुरुष गर्रकन वळले. एकाच्या हातातलं आइस्क्रीम पडलं. तो आपल्या बायकोला घाबरून म्हणाला, "काय गं? काय झालं?"

नागपूरची मंडळी होती. मग ओळखी, चहा, सगळं झालं. मंदार तेवढा वळला नव्हता, कारण तो "अरे"तला.

काकूंची ती हाक आमच्या बिल्डिंगला पाठ आहे. लिफ्टमध्ये, सुपरमार्केटात, एअरपोर्टवर, सगळीकडे "अहो". नवऱ्याचं नाव काकूंच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं.

* * *

शारजाच्या एका जुन्या घरात म्युझियम आहे. तिथल्या स्वयंपाकघरात काचेमागे एक पितळी यंत्र दिसलं आणि काका जवळजवळ ओरडलेच, "सापडलं!"

काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. "कसलं सापडलं! पुरणयंत्र आहे का ते? शेवयांचा सोऱ्या आहे."

तिथे माहिती द्यायला एक इमिराती आजीबाई होत्या. छान हिंदी बोलायच्या. त्यांनी सांगितलं, शेवयांचा त्या 'बलालीत' नावाचा पदार्थ करतात. साखर, वेलची, केशर घालून, आणि वर ऑम्लेट.

"गोड शेवयांवर अंडं?" काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आजीबाईंनी विचारलं, "तो आप किसके साथ खाती हैं?"

"दूध के साथ."

आता आजीबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला! दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग अशा हसल्या की गार्ड धावत आला.

काका मात्र परत येताना गाडीत उरलेले शनिवार बोटांवर मोजत होते. मला वाईट वाटलं. सोऱ्या सापडून काय करायचंय?

* * *

पुढच्या एका म्युझियमात जुन्या काळचा हॉल मांडला होता. सोफा, टेपरेकॉर्डर, भिंतीवर कॅलेंडर. काका बघतच राहिले. "अरे, आमचा हॉल अगदी असाच होता!" असं म्हणत दोरी ओलांडून सरळ खुर्चीत जाऊन बसले!

गार्ड धावला. "साब, उठिए! पुराना है, टूट जाएगा."

"मैं भी पुराना हूँ," काका म्हणाले. "मैं टूटा क्या?"

तेवढ्यात खुर्ची कर्रकन वाजली. काका आमच्याही आधी बाहेर!

* * *

जाण्याआधीचा शेवटचा शनिवार. सामान कार्गोने गेलेलं, फ्लॅटची चावी द्यायची बाकी. काका म्हणाले, "जाऊ दे आता. नसेल कुठे." काकू मात्र बूट घालून तयार होत्या. म्हणून निघालो.

क्रीकजवळ एका घरात नवीन दालन उघडलं होतं. आत शिरलो आणि काकूच थबकल्या.

"अगं बाई! केवढं चकचकीत! मी पण कधी इतकं घासलं नव्हतं."

काचेमागे, दिव्याखाली, काकांचं पुरणयंत्र. हँडलला काकांच्या आईने कोरून घेतलेलं आडनावसुद्धा दिसत होतं, देवनागरीत. ते तिथे कोणाला वाचता येणार!

काकांनी पाटी वाचायला चष्मा लावला, काढला, पुसला. त्यांना काही दिसेना. ईराला म्हणाले, "तू वाच गं."

ईराने वाचलं, "पुरण मशीन. ब्रास. फॉर मॅशिंग स्वीट लेंटिल्स. गिफ्ट ऑफ मिस्टर अहो, अल मनखूल." मग तिने वर बघितलं. "हू इज मिस्टर अहो?"

शाळेत अरबी शिकते म्हणून तिने खालची ओळही वाचली. "अरेबिकमध्ये पण सेम आहे. अस्सय्यद अहो."

काकूंनी तोंडाला पदर लावला. "अगं, ती पोरगी सरांचं नाव विचारत होती. मी म्हटलं, यांनाच सांगू दे. म्हणून आत नुसती हाक मारली हो! ती 'थँक्यू, थँक्यू' करत निघून गेली."

प्रशांतला हसू येत होतं, पण काकांकडे बघून त्याने ते गिळलं. काका पाटीकडेच बघत होते. काकूंचे डोळे भरून आले. त्या तशाच तरातरा काउंटरवर गेल्या. आम्ही सगळे मागे.

"मॅडम," काकू तिथल्या मुलीला म्हणाल्या, "नेम राँग आहे. माय हजबंड, ही गेव्ह. हिज नेम इज श्रीकांत." एकदा थांबल्या आणि आणखी मोठ्याने म्हणाल्या, "श्रीकांत. श्रीकांत जोशी."

काका पाटी सोडून काकूंकडे बघायला लागले.

"सो सॉरी, मॅम," मुलगी म्हणाली. "वी विल चेंज इट. बट देन, हू इज मिस्टर अहो?"

काका पुढे झाले.

"दॅट इज मी ओन्ली," काका म्हणाले. "डोन्ट चेंज."