वंशावळीतला टॅब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याला तर मी नको नको ते सांगते.

हसुरामकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. दिवाळे गावातल्या आमच्या भावकीची वंशावळ त्यांनी घरोघर फिरून जमवली आणि एका बोटाने नोटपॅडमध्ये टाइप केली. बाप डावीकडे, मुलगा त्याच्या खाली थोडा आत, नातू अजून आत. ती गावाच्या विकीवर, म्हणजे गावाने मिळून लिहिलेल्या वेबसाइटवर, चढवायचं काम माझ्याकडे — मी वाशीला सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे मला सगळं येतं, नाही का? विकीला अशी मोकळी जागा कळत नाही. तिथे दर पिढीला नावाआधी एकेक चांदणी (*) वाढवावी लागते. हाताने कोण करत बसणार? मी एक छोटा प्रोग्राम लिहिला — तो स्पेस मोजून चांदण्या देणार.

काकांनी विचारलं होतं — हे सांगायलाच हवं — की कुठे स्पेस दिलीय, कुठे टॅब, चालेल ना? फोनमधून मान वर न काढता मी चालेल म्हटलं.

टॅब म्हणजे एकाच बटणाने पडणारी मोठी मोकळी जागा; दिसायला स्पेससारखीच, पण माझ्या प्रोग्रामला ती दिसतच नव्हती. जिथे टॅब, तो माणूस थेट डावीकडे, मूळपुरुषाच्या रांगेत.

देवळात भावकी जमली, प्रोजेक्टरने भिंतीवर पान उघडलं. जनार्दनदादा — समोर मांडी घालून बसलेले, धडधाकट — स्वतःच्या खापरपणजोबांचे भाऊ झाले होते. त्यांचे दोन्ही मुलगे आता त्यांचे भाऊ. त्यांची बायको, आमच्या वहिनी, शांतपणे म्हणाल्या, "मंग यांना रोज निवद दावू का?"

लोक हसून हसून लोळले. दादा हसले नाहीत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले — आणि मी काय केलं?

"काकांच्या टायपिंगमध्येच गडबड आहे," मी म्हणाले.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "असंल. नजर गेली माजी."

पुढच्या रविवारी मीच त्यांना वाशीला चष्म्याच्या दुकानात नेलं — वर चांगुलपणाही पदरात पाडून घेतला. दुकानदार म्हणाला, नंबर तोच आहे. काकांनी तरी नवा चष्मा केला. तो लावून, महिनाभर बसून, सगळ्या पिढ्यांना हाताने चांदण्या दिल्या.

प्रोग्राम मी केव्हाच दुरुस्त केला होता — दहा मिनिटांत, त्यांनी पहिली चांदणी द्यायच्या आधी. पान आज बरोबर दिसतं ते त्यामुळे. काकांची ती चांदण्यांची फाइल मी उघडलीसुद्धा नाही. ते आल्यागेल्याला पान दाखवतात, एकेक चांदणी मोजून दिली म्हणतात. आणि मी — मी शेजारी बसून मान हलवते.