अप्पांची एकच सावली

मल्ल्याला उन्हानं मारलं.
आज वर्ष झालं.

हार्ट नाही, अॅक्सिडेंट नाही. ऊन. चाळिशीच्या आतला धडधाकट माणूस.

जुळे सोलापुरात आमचा दोघांचा छोटा अॅनिमेशन स्टुडिओ. पोट लग्नाच्या इन्व्हिटेशन व्हिडिओंवर. पण मल्ल्याचा जीव त्याच्या शॉर्ट फिल्ममध्ये. एका ग्रहावर आपली सिद्धेश्वराची यात्रा निघालीय, आणि त्या ग्रहाला सूर्य दोन.

म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्यांना, प्रत्येक नंदीध्वजाला, प्रत्येक माणसाला दोन सावल्या.

त्या सावल्यांनी माझं डोकं खाल्लं. हा टेबलावर पाण्याची बाटली ठेवून दोन बाजूंनी मोबाइलचे टॉर्च मारत बसायचा.

"बघ, एकाची सावली दुसरा उजळतो. दोन्ही सावल्या जिथं एकमेकींवर पडतात, तिथंच खरा काळोख."

"अरे, तिकडं नवरदेव व्हिडिओची वाट बघतोय."

हा बाटली जरा डावीकडं सरकवायचा.

मे महिन्यातली दुपार. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी बसली, कॉम्प्युटरवर शॉट तयार होत होता, तो रेंडर अर्ध्यात मेला. गडी टू-व्हीलर काढून बॅटरी आणायला निघाला.

"संध्याकाळी जा की."

"दोन-दोन सूर्य सांभाळतोय मी. एकाला काय भ्यायचं?"

दोघंही हसलो.

रस्त्यात चक्कर येऊन पडला. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आलाच नाही.

ते वाक्य आठवलं की मला अजून राग येतो. त्याचाच.

वर्षभर त्याची फिल्म मी पुरी करत होतो. शेवटचा शॉट त्यानंच करून ठेवलेला. त्यात नंदीध्वज पेलणारे म्हणजे त्याचे वडील, अप्पा. तरुणपणी त्यांनी यात्रेत खरंच पेललाय. चेहरा, अंगातली बाराबंदी, चाल, सगळं हुबेहूब.

मागच्या आठवड्यात लक्षात आलं, सगळ्यांना दोन सावल्या आणि अप्पांना एकच. सेटिंग उघडून बघितलं तर फक्त त्यांच्यापुरता दुसरा सूर्य बंद.

मल्ल्या आणि अशी चूक?

लॅपटॉप घेऊन अप्पांकडे गेलो. शॉट दाखवला. म्हटलं, "अप्पा, तुमची एक सावली राहिलीय. आजच दुरुस्त करतो."

अप्पांनी स्क्रीनवरच्या त्या एका सावलीवर बोट ठेवलं.

"चूक न्हाय ती. मीच म्हणालो हुतो त्याला. हितला एक सूर्य सोसवत न्हाय, मला दोन कशाला देतो बा? तर म्हणाला, अप्पा, तुमच्यापुरता एक बंद करतो."

मी लॅपटॉप मिटला.

"आन् सोता टोपी बी न घालता गेला की रं."

मल्ल्या, रेंडर झाला. अप्पांची सावली एकच ठेवलीय.

ये आता, मित्रा. जिथं असशील तिथं सावलीत राहा.