भावाची गोळी मी बंद केली

विहारातल्या जयंतीच्या रक्तदान शिबिरात धाकट्या भावाने रक्त दिलं आणि आठवडाभराने रक्तपेढीतून त्याला बोलावणं आलं. हिपॅटायटिस बी निघाला होता. लिव्हर बिघडतं ते दारूनेच, एवढीच माझी अक्कल. भाऊ स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतो. शिफ्ट सुटल्यावर दोस्तांबरोबर चहाला थांबतो. तो चहा असतो यावर माझा विश्वास नव्हता.

त्याच्या स्कूटरची डिक्की मी चोरून दोनदा उघडली. एकदा रेनकोट निघाला, एकदा कोथिंबिरीची जुडी. वास झाकायला घेतली असेल, असंच माझ्या मनात आलं.

"दादा, मी पेत नाही. किती वेळा सांगू तुले?"

"मंग लिव्हरचा रोग कावून झाला?"

"डॉक्टर म्हणते, जन्माच्या वेळी आईकडूनही येते. तू बी तपासून घे म्हणे."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वतःचं पाप हा तिच्यावर ढकलतोय असं वाटून मी आणखी भडकलो. त्याच्या बायकोला एकटीला गाठून सांगितलं, "लक्ष ठेवत जा." त्या दिवसापासून त्यांच्या घरात भांडणं सुरू झाली.

लिव्हरला सूज होती म्हणून डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावली होती. बरीच वर्षं घ्यावी लागेल, स्वतःच्या मनाने थांबवायची नाही, असं बजावलं होतं. माणूस धडधाकट दिसतो, दोन ताटं जेवतो आणि वर्षानुवर्षं गोळी? आता मला डॉक्टरचाही संशय यायला लागला. आमच्या क्वार्टरमागच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. कोरोनापासून प्लांटच्या वसाहतीतला आमचा अर्धा सेक्टर तिचा काढा पितो. मी भावाला म्हणालो, "गोळी बंद कर. अंगातली ताकद वाढली का विषाणू आपोआप पळते. रोज सकाळी माझ्याकडे येऊन काढा पे."

माझ्याकडेच का, ते आज लिहितो. पेला देताना त्याचं तोंड जवळून हुंगता यावं म्हणून. मोठा भाऊ सांगतो म्हणून त्याने ऐकलं. तीन महिने रोज आला. वास एकदाही आला नाही, तरी माझी खात्री पटली नाही.

मग त्याचे डोळे पिवळे झाले. लघवी चहासारखी झाली, जेवण सुटलं. दवाखान्यात दाखल केलं तेव्हा लिव्हरचे आकडे पाहून डॉक्टरांचा चेहरा बदलला. आधी जपून बोलणाऱ्या त्या बाई आता थेट विचारायला लागल्या.

"दारू पीते हो?"

"नहीं मैडम."

"गोली रोज ली?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. "हाँ मैडम. रोज."

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. त्या माझ्याकडे वळल्या: रोज गोळी घेऊनही असं झालं असेल तर ती लागू पडत नाही असं धरावं लागेल, उपचारांची दिशाच बदलेल, आणि लिव्हर बसलं तर हाती वेळ नाही. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, गोळी मीच बंद करायला लावली. ताकद वाढावी म्हणून काढाही मीच दिला."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गोळी लगेच सुरू करायला सांगितली आणि मला बाहेर नेऊन समजावलं. हा विषाणू स्वतः लिव्हरच्या पेशी फारशा मारत नाही. आत शिरून वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. शरीराचे पहारेकरी ज्या पेशीत त्याला हेरतात, ती अख्खी पेशीच मारून टाकतात. लिव्हर झिजतं ते मुख्यतः त्यांच्या या माऱ्याने. गोळीने विषाणू दबला होता, म्हणून मारा थांबला होता. गोळी सुटली, विषाणू उसळला आणि पहारेकरी तुटून पडले. काढ्याने त्यात किती भर घातली हे त्यांना सांगता येत नव्हतं. पण गुळवेलीने काहींचं लिव्हर बिघडलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"ताकत कम नहीं थी उसमें," त्या म्हणाल्या.

भावाची बायको दाराशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुमाले तो खोटारडा वाटत होता ना, दादा? आज पहिल्यांदा खोटं बोलला. ते बी तुमच्यासाठी." तिने माझ्या हातातली जेवणाची पिशवी घेतली. "तुमी जा घरी. मी आहो इथं."

मी घरी गेलो नाही. तळमजल्यावरच्या लॅबमध्ये जाऊन, त्याच्या सांगण्यानंतर इतके महिने टाळलेली रक्ततपासणी करून घेतली. तोच विषाणू माझ्यातही निघाला.

भावाचे आकडे उतरायला दीड महिना लागला. तो वाचला, कामावरही रुजू झाला. माझा रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याने तो नीट वाचला, घडी करून परत दिला आणि विचारलं, "डॉक्टरकडे कधी जातो? मी येतो संग."

मी दारू पितो का, असं त्याने विचारलं नाही.