‘आई’ कुणी लिहिलं?

माझं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला भारी गर्व. साठच्या दशकात अबुधाबीतल्या तेल कंपनीच्या एका कॅम्पात मला कारकुनी मिळाली तीही अक्षरावरच. माझी आई रत्नागिरीकडे, खाडीकाठच्या गावात. तिला वाचता येत नव्हतं. माझं पत्र शाळेचे मास्तर वाचून दाखवायचे, पण वरचं ‘आई’ तेवढं ती बोट लावून ओळखायची. त्याला कारण होतं. बाबा बोटीवर वारले तेव्हा तिला धक्का नको म्हणून लोकांनी चार महिने त्यांच्या नावाची खोटी पत्रं वाचून दाखवली होती. तेव्हापासून तिचा भरवसा फक्त लिहिणाऱ्या हातावर.

माझ्या खोलीत कॅम्पाचा म्हातारा चिनी खानसामा राहायचा. जुम्म्याच्या दुपारी तो दगडावर शाई उगाळून कुंचल्यानं बांबू काढायचा. ‘काढतो’ म्हटलेलं मात्र त्याला खपत नसे, तो बांबू ‘लिहायचा’. आणि खरंच, बांबूचं एकेक पान म्हणजे एकेक अक्षर. श्वास धरायचा, हात पार खांद्यापासून फिरवायचा, एका फटकाऱ्यात पान तयार. शाई संपत आली की टोकाशी कागद पांढरा राहायचा. मी आपला शहाणपणा केला, म्हटलं, जरा गिरवा की. आमच्या शाळेत गिरवून गिरवूनच अक्षर वळणावर येतं. म्हातारा भडकलाच.

“दुबारा नहीं,” तो म्हणाला. “दुबारा किया तो हाथ किसका, पता नहीं चलता.”

उन्हाळ्यात तो तापानं तीन दिवसांत खलास झाला. टेबलावर शेवटचा बांबू राहिला होता, एक पान टोकाशी कोरडं. मला त्याची माया होती, ते तसं बघवेना. हात शिवशिवला. त्याचाच कुंचला भिजवला आणि ते पान गिरवायला घेतलं. सुरुवात मी केली. शेवट मी केला नाही. हात खांद्यापासून ओढला गेला आणि झटक्यानं उचलला गेला. श्वासही धरलेला होता, पण तो मी धरला नव्हता. जाम घाबरलो मी.

पुढच्या आठवड्यात घरी पत्र टाकलं. मास्तरांचं उत्तर आलं, की वरच्या ‘आई’वर बोट ठेवून आई विचारते, हे कोण लिहितंय? मुलगा गेला असेल तर सरळ सांगा.

मग मी जुनं पत्र आठवून आठवून ‘आई’ लिहिलं, वर चार वेळा गिरवलं आणि पाठवलं. तेच नडलं. मास्तरांनी कळवलं, आईनं जेवण सोडलंय, बायका दुखवट्याला घरी येऊन बसतायत. मिळेल त्या बोटीनं निघालो.

दारात तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, रडली, मग पाटी पुढे केली. मी ‘आई’ लिहिलं. तिनं बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं.

“तोंड माझ्या लेकाचं आहे,” ती म्हणाली. “हात कुणाचा?”

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. माझ्या उजव्या हातून तिनं कधी पाणी घेतलं नाही. मी पेला खाली ठेवायचो, मग ती उचलायची.